पूर्णेले गाडी पानी पेते

बा, इतक्या वर्षांनी लिहितो आहे, राग धरू नको. तू गेलास तेव्हा माझे केस काळे होते, आता भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या, आणि एवढ्या काळात तुला दोन ओळी लिहाव्यात असं मला सुचलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे कारण मी मनाशी धरून ठेवलं होतं. पण तेव्हा आपल्या गावात कोणाला वाचता येत होतं? पत्र आलं की तू ते घेऊन मास्तरांच्या ओट्यावर जायचास, आणि ते वाचत असताना त्यांच्या तोंडाकडे असा पाहत बसायचास की जणू पत्र त्यांच्या दातांवरच लिहिलेलं आहे. तिकडेही कोणी मास्तर असेलच. त्याच्याकडून वाचून घे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर आधीच वाकडं, त्यात आज कागद मांडीवर धरून लिहितो आहे. त्याला म्हणावं, सावकाश वाच, पण मधे थांबू नको.

मी पूर्णेच्या स्टेशनवर बसलो आहे. तुझी सून हरवली आहे.

कशी हरवली ते सांगतो, पण त्याआधी तिचं काय झालं आहे ते तुला कळायला हवं, नाहीतर तू म्हणशील, त्यात काय, ती विचारत विचारत येईल. तू तिला ओळखत होतास तेव्हा ती किती बोलायची! तूच म्हणायचास, 'हे बाई झोपेतही भाजीवालीसंग भाव करते.' मागच्या पोळ्याच्या सुमारास तिला लकव्याचा झटका आला. हातपाय सुधारले, चालते, स्वतःच्या हातानं जेवते, पण बोलणं गेलं. सगळं गेलं असंही नाही. दोन शब्द उरले आहेत. 'हो नं' आणि 'चला'. बाकी सगळे शब्द कुठं गेले, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. जेवतेस का, हो नं. दुखतं का, हो नं. गाय दोहून झाली का, हो नं. पण त्या 'हो नं' मध्ये तिचं सगळं बोलणं असतं. हनुवटी डावीकडे वळवून म्हटलं की 'नाही'. डोळे मिटून म्हटलं की 'आता पुरे'. लांबवून म्हटलं की 'तुम्हाला काही समजत नाही'. मला हे कळतं. मुलाला निम्मं कळतं. बाकी जगाला नुसता होकार ऐकू येतो. बा, कोणीही काहीही विचारलं तरी जी बाई हो म्हणते, ती आज एकटी आहे. नांदेडात आहे, की आणखी कुठं आहे, तेही मला माहीत नाही.

तुझा नातू हैद्राबादेत मालाचा टेम्पो चालवतो. तिथं एक मोठा दवाखाना आहे, अशा माणसांना बोलायला शिकवणारी डॉक्टरीण तिथं बसते, असं त्यानं शोधून काढलं. फोनवर म्हणाला, 'बाबा, मायले घेऊन या. तिथं लहान लेकरावानी एकएक शब्द शिकवतात. माय मले नावानं हाक मारन पुन्हा.' एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी तिला विचारलं, 'जायाचं काय वं हैद्राबादले?' ती म्हणाली, 'हो नं.' हनुवटी सरळ होती. म्हणजे खरंच हो.

तिकिटं मुलानंच काढली, माझ्या मोबाइलवर पाठवली. आमनेसामनेच्या दोन जागा, दोन्ही खिडकीजवळच्या. सकाळी अनसिंगहून ऑटोनं वाशीमला आलो. ती हिरवं लुगडं नेसली होती, डब्यात मऊ पोळ्या आणि बिनातिखटाची भाजी होती. तिला घास गिळायला त्रास होतो, पोळी गरम पाण्यात कुस्करून द्यावी लागते. आपली छोटी लाइन केव्हाच उखडली, बा. आता मोठी गाडी आहे, वर विजेच्या तारा आहेत, आणि खिडक्यांना गज आहेत. गाडी लागली तेव्हा ती चढायचं सोडून खिडकीसमोर उभी राहिली. गजावर हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, 'चला!' मी समजलो. आता तुम्हाला खिडकीतून कसं टाकायचं, असं तिला म्हणायचं होतं. झटका आल्यापासून ती अशी हसली नव्हती. त्या हसण्यानंच मी बेसावध झालो की काय, कोण जाणे.

खिडकीची गोष्ट तिला पाठ होती. तूच सांगितली होतीस, लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात. सुगी संपली की तू आणि माय हैद्राबादेला इमारतीच्या कामावर जायचात, मला बरोबर न्यायचात. गाडीला गर्दी म्हणजे माणसांवर माणसं. पण तुझी एक रीत होती. दारातून घुसायच्या आधी मला खिडकीतून आत टाकायचं. तेव्हा खिडक्या सताड उघड्या असत. भट्टीत पाव सरकवावा तसा तू मला आत सरकवायचास आणि मागून ओरडायचास, 'आडवा पडजो! हातपाय पसरजो! डोये मिटून घेजो! कोनी उठोलं तं रडजो, पन उठू नको!' मी बाकावर आडवा पडायचो, मग तू आणि माय गाठोडी घेऊन दारातून यायचात, आणि माझ्या अंगाखालची जागा आपली व्हायची.

ज्या दिवसाची ती गोष्ट, त्या दिवशी मी फारच नीट झोपलो. फलाटावर मायच्या डोक्यावरचं पिठाचं गाठोडं फुटलं, तू पीठ भरायला वाकलास, आणि गाडी सुटली. हे मला कळलंच नाही. मी डोळे गच्च मिटून तिघांची जागा धरून पडलो होतो. लोक म्हणत होते, 'हे पोट्टं कोनाचं हाय? ऊठ रे!' मी रडायचो. 'काहून रडतं? बाप कुठी हाय तुहा?' 'येऊन राह्यला.' एक बाई पायाशी टेकायला लागली तर मी तिला लाथ मारली. ती म्हणाली, 'अवो माय! हे तं बाक विकत घेऊन बसलं!' सगळे हसले. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं. शेवटी त्याच बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच सांगितलं, 'बाबू, डोये उघड. तुहा बाप खालीच राह्यला.' हिंगोलीला तिकीट तपासणाऱ्यानं मला उतरवून पार्सलच्या वजनकाट्यावर बसवलं आणि सांगितलं, इथून हलायचं नाही.

पुढचं नंतर सांगतो. आधी आजचं सांगू दे, नाहीतर राहून जाईल. सगळंच राहून जाईल असं वाटतं आहे.

त्या प्रवासांत पूर्णा आली की तू राजा व्हायचास. इंजिन पाणी घ्यायचं, कोळसा घ्यायचं, आणि गाडी उभीच राहायची. तू नळाखाली बसून अंघोळ करायचास, ओलं धोतर खिडकीला वाळत घालायचास. माय फलाटाच्या टोकाला तीन दगड मांडून खिचडी शिजवायची. मी घाबरून गाडीकडे पाहत राहायचो, सुटेल म्हणून, आणि तू साबणाच्या डोळ्यांनी म्हणायचास, 'अबे, घाबरतं कायले? पूर्णेले गाडी पानी पेते. थे पेल्याबिगर हालत नाही.' हे वाक्य माझ्या अंगात इतकं मुरलं आहे की आज पूर्णा आली तेव्हा मी उठून आळस दिला. बाटली घेतली, तिला म्हटलं, 'गरम पानी आनतो, पोळी कुस्करू. तू बस.' ती म्हणाली, 'हो नं.' हनुवटी डावीकडे वळली होती का? मला आठवत नाही. दुपारपासून मी तेवढंच आठवून पाहतो आहे, आणि दर वेळी तिची हनुवटी वेगळीकडे वळलेली दिसते.

फलाटावरच्या चहावाल्याकडे गेलो. त्याचं पाणी तापायचं होतं. मी म्हटलं, तापू दे, घाई नाही. उभ्या उभ्या त्याला तुझ्या अंघोळीची गोष्ट सांगायला लागलो. तो माझ्या खांद्यावरून मागं पाहत होता. एकदम म्हणाला, 'आजोबा, तुमची गाडी सुटायली की!' मी हसलो, बा. खरंच हसलो. म्हटलं, 'अबे, पूर्णेले गाडी पानी पेते.' तो म्हणाला, 'कुठलं पाणी? करंटची गाडी आहे ती! पळा!' वळून पाहिलं तर आमचा डबा पुढं सरकला होता. मी पळालो. या वयात पळणं म्हणजे काय, जागच्या जागी पाय आपटणं. खिडकीतून तिचा हिरवा पदर दिसला, ती समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होती, बाहेर नाही. मी हाक मारली, पण गाडीचा भोंगा वाजला. मग नुसते रूळ उरले.

इथले पोलीस चांगले आहेत. एकानं मला बाकावर बसवलं, फोन करून नांदेडला कळवलं. गाडी नांदेडला पोचल्या पोचल्या एक बाई पोलीस आमच्या डब्यात चढली. तिची जागा रिकामी होती. शेजारच्या प्रवाशांनी सांगितलं, आजी तर आत्ताच उतरल्या. उठून दाराकडे निघाल्या, आम्ही विचारलं, नांदेडला उतरायचंय का, तर त्या हो म्हणाल्या. कोणीतरी हात धरून खाली उतरवूनही दिलं. भली माणसं. कॅमेऱ्यात म्हणे हिरव्या लुगड्यातली बाई जिन्याकडे जाताना दिसते, पुढं गर्दीत दिसत नाही. पोलिसानं मला अर्ज लिहायला कागद दिले. वर्णन लिहा म्हणाला. मी लिहिलं, उंची मध्यम, रंग गव्हाळ, नाकात फुली. मग लिहिलं, हो म्हणाली तर ते हो समजू नये. त्यानं वाचलं आणि म्हणाला, 'आजोबा, हे कशाला? खुणा लिहा.' मी म्हटलं, 'हेच खूण हाय साहेब.' त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्यानं ते वाक्य खोडलं नाही, फोनवर नांदेडलाही सांगितलं. उरलेल्या कागदांवर हे तुला लिहितो आहे.

मुलाला फोन केला तेव्हा आधी त्याला काही समजेना, मग तो ओरडला. 'तुमी उतरलेच कायले? पानी डब्यात इकाले येते नं बाबा!' मी म्हटलं, गरम पाणी येत नाही. 'मंग थंडं द्याचं होतं!'  तो तिकडून नांदेडला यायला निघाला आहे. मी म्हटलं, मीही पुढच्या गाडीनं नांदेडला जातो, हुडकतो. तर म्हणाला, 'बाबा, तुमी हालू नका. तुमच्या पाया पडतो. उद्या तुमीही हारपले तं मी कोनाकोनाले हुडकू? तुमीच तं आज्याची गोष्ट सांगता नं जलमभर? मंग बसा आता.'

म्हणजे तुझा नियम माझ्याच मुलानं माझ्या पायात बेडीसारखा घातला. हारपल्या माणसानं हालू नाही, हुडकनाऱ्यानं हालाव. दोघंही हालले तं भेट नाही. किती वेळा बोलला असशील तू हे! जत्रेत, बाजारात, तालुक्याच्या कचेरीत. तू गेल्यावर मी बोलायला लागलो. मी सुरुवात केली की तुझी सून चुलीपाशी बसून म्हणायची, 'निंघाली याइच्या बापाची गाडी.' आणि तुझ्या तोंडावर तिनं एकदा विचारलं होतं, आठवतं का, 'मामाजी, तुमी पोराले जागा धराले शिकोलं, पन सोडाले नाही शिकोलं?' तू इतका हसलास की तुला ठसका लागला, आणि मायनं तुझ्या पाठीवर थापा मारता मारता तिच्यावर डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी तू तिच्यासाठी बाजारातून काचेच्या बांगड्या आणल्यास. हिरव्याच होत्या.

आता एक गोष्ट सांगतो. त्या बाई पोलिसानं फोनवर सांगितली, आणि ती ऐकल्यापासून मला धड बसवत नाही. माझ्या जागेवर माझा खांद्यावरचा दुपट्टा अंथरलेला होता. नीट, चारी कोपरे ताणून. त्यावर पोळीचा डबा ठेवला होता, वारा आला तर उडू नये म्हणून. शेजारचे म्हणाले, पूर्णेपासून आजी त्या जागेवर कोणाला बसू देत नव्हत्या. एक माणूस टेकायला आला तर त्याला 'चला, चला' करून हाकललं. तो हसून म्हणाला, आजी, बाक विकत घेतला का? तर म्हणाल्या, हो नं.

बा, ती माझी जागा धरून बसली होती. मी येईन म्हणून. नांदेडपर्यंत तिनं धरली. मग दुपट्टा अंथरला आणि उतरली. म्हणजे ती हरवली म्हणून उतरली नाही. तिच्या हिशेबानं हरवलो आहे मी. ती हुडकणारी आहे. ती नेहमी म्हणायचीच, 'हे मानूस बाजारात नेलं तं याचीच पिशवी हाती धराव लागते.' आणि हुडकणाऱ्यानं हलायचं, असं तूच तिला शिकवलं आहेस. मग ती हलतच राहील. एका जागी बसली असती तर कोणाला तरी सापडली असती. पण ती चालते आहे, माझ्यासाठी, दोन शब्द घेऊन. कोणी विचारेल, आजी, कोणाला शोधता, तर म्हणेल चला. कोणी विचारेल, या गाडीत बसायचं का, तर म्हणेल हो नं. आणि तो भला माणूस तिला हात धरून बसवून देईल, कुठल्याही गाडीत, कुठल्याही गावाच्या. तिच्या दुपारच्या गोळ्या माझ्या खिशात आहेत. तिला कोणी कोरडा घास दिला तर तो तिच्या घशात अडकेल. तिला जिना उतरताना रेलिंग उजव्या हातानं धरता येत नाही. रूळ ओलांडून पलीकडे जायची तिला सवय आहे, आपल्या छोट्या लाइनवर सगळेच जायचे. हे शेवटचं मी पोलिसाला सांगितलं नाही. जिभेवर आणवलं नाही.

नांदेडकडून येणारी प्रत्येक गाडी मी पाहतो. उठून दारं पाहतो, खिडक्या पाहतो, आणि धावत या बाकावर परत येतो, कारण आमचा डबा याच्यासमोरच उभा होता. बाटलीतलं पाणी चहावाल्यानं परत परत तापवून दिलं. आत्ता म्हणाला, 'आजोबा, हे कितीदा तापवू? आटून जायलं की.' मी म्हटलं, 'थे आली तं गरम लागन नं.'  तो बाटली घेऊन गेला. माझ्याकडून पैसे घेत नाही. मी दुपारी त्याला हसलो ते त्यानं मनावर घेतलं नाही.

संध्याकाळ व्हायला आली आहे. आता हिंगोलीचं राहिलेलं सांगतो. तुला ते माहीत आहे, तरी सांगतो, कारण त्यातलं एक तुला माहीत नाही. किंवा असेल.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तू आलास. मालगाडीच्या गार्डाच्या पाया पडून आला होतास. तोंड कोळशानं काळं, हात पिठानं पांढरे. मला वाटलं, आता मारतोस. तू काट्यासमोर उभा राहिलास, दम घेतलास आणि म्हणालास, 'जागा गेली काय रे?' मी भोकाड पसरलं. 'गेली बा, जागा गेली.' तू म्हणालास, 'जाऊ दे. तू तं नाही गेला.' पार्सलबाबू आतून ओरडला, 'हा माल तुझा का? दिवसभर काट्यावर पडलाय, भाडं भर आणि घेऊन जा!' आणि तू खरंच धोतराची गाठ सोडायला लागलास. तेव्हा तो हसला, म्हणाला, 'ने रे बाबा. पण पोरगं शहाणं आहे. एकदा जागचं हललं नाही.' त्या एका वाक्यावर तू जन्मभर चाललास. माहा पोट्टा हालला नाही. सहा-सात वर्षांचं लेकरू, पन हाललं नाही. पाहुण्यांना सांगितलंस, सोयऱ्यांना सांगितलंस, माझ्या लग्नात सांगितलंस. त्यावरून नियम केलास, आणि आज मी त्या नियमाला बांधला जाऊन बसलो आहे.

बा, मी शहाणपणानं बसलो नव्हतो. गाडीत त्या बाईनं डोळे उघडायला लावले तेव्हाच माझी चड्डी ओली झाली. भीतीनं. काट्यावर बसवलं तेव्हा मी मांडी घालून घट्ट बसलो, कारण उठलो असतो तर मागचा डाग सगळ्या फलाटानं पाहिला असता. पळून जावं, रुळांवरून चालत तुझ्याकडे यावं, असं शंभरदा मनात आलं. फक्त लाज वाटत होती म्हणून बसून राहिलो. चड्डी उन्हानं वाळत आली तेवढ्यात तू आलास. हे मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या सुनेलाही नाही. एवढी बोलणारी बाई, तिच्या पोटात राहिलं नसतं. आता राहिलं असतं.

पण आज इथं बसल्यावर आणखी एक आठवलं, जे इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं. मला खांद्यावर घेण्याआधी तू डोक्याचा दुपट्टा सोडलास आणि माझ्या कमरेला गुंडाळलास. उन्हाळा लागला होता, थंडीचं कारण नव्हतं. तुला माहीत होतं का, बा? माहीत असूनच सांगत राहिलास का सगळ्यांना की पोरगा शहाणा आहे? पूर्णेचं तुझं वाक्य आज खोटं पडलं, त्याचा मला राग नाही, गाड्या बदलल्या. पण न हलण्याचं खरं आहे की नाही, ते मला तुझ्याकडूनच कळायला पाहिजे. कारण मी ते कधी पाळलेलंच नाही. पाळल्यानं माणूस सापडतं, याला माझ्याजवळ काही दाखला नाही.

मलाही आता उठणं भाग आहे. म्हातारपणी किती वेळ धरवतं? पण मुतारी फलाटाच्या पार त्या टोकाला आहे, आणि नांदेडकडून गाडी येते आहे असं वर कर्ण्यातून सांगतायत. ही पाहतो, मग जातो, असं म्हणत मी आतापर्यंत कितीतरी गाड्या पाहिल्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही. घडी करून तिच्या गोळ्यांजवळ खिशात ठेवतो. माझं सगळ्यांना विचारून झालं आहे. पोलिसांना, मुलाला, चहावाल्याला. ज्याला काही माहीत असेल असं आता तुझ्या बाजूचंच कोणी राहिलं आहे. तेवढ्यासाठी लिहिलं. ती तिकडे आली आहे का, ते पाहा. हिरवं लुगडं आहे. आली असेल तर तिला काही विचारू नको, ती हो म्हणेल. हनुवटीकडे पाहा. आणि आली नसेल तर तसं कळव, कसंही कळव, पण लवकर कळव. मी अजून हललो नाही.